मागच्या चाकातला आटा

इंग्लंडमध्ये तीन वर्षांहून जुन्या मोटारीला दर वर्षी एमओटी नावाची परीक्षा द्यावी लागते, आणि माझ्या १९९४ सालच्या माझदा एमएक्स-५ या दोन आसनी, उघड्या टपाच्या गाडीच्या बाबतीत ती परीक्षा गाडीपेक्षा माझीच अधिक असते. मागच्या नोव्हेंबरात कॉव्हेंट्रीतल्या आमच्या घराजवळच्या एका गॅरेजात परीक्षकाने मागची चाके रोलरवर चढवली, सावकाश हँडब्रेक ओढला आणि पडद्यावरचे दोन आकडे माझ्याकडे वळवून म्हणाला की उजवे चाक थांबते आहे, डावे मात्र थांबल्याचे नुसते नाटक करते आहे. हँडब्रेकने गाडीच्या वजनाच्या निदान १६ टक्के रोधक बल द्यावे असा तिथला दंडक आहे. माझ्या गाडीची धाव त्याच्या अलीकडेच संपली होती.

खरे तर सूचना मला आधीच मिळालेली होती. दोनेक महिने लांबच्या फेरीहून परतल्यावर मागच्या डाव्या चाकाजवळ तापलेल्या लोखंडाचा आणि करपलेल्या धुळीचा वास येत असे, आणि चाकाच्या कडेला हात लावला तर तो चटकन मागे घ्यावा लागे. रस्त्याला उतार असेल, ब्रेक जास्त लागला असेल, अशी स्वतःची समजूत घालून मी घरात जात असे. परीक्षकाचे आकडे पाहिल्यावर मात्र एक गोष्ट डोक्यात अडकून बसली. ज्या चाकाला हँडब्रेकने थांबवता येत नव्हते तेच चाक चालताना पुरते मोकळेही सुटत नव्हते. धरता येत नाही आणि सोडवतही नाही, ही अवस्था माणसांत पाहिली होती. ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या कॅलिपर नावाच्या भागात ती कशी येते हे समजून घ्यायला पुढचे तीन आठवडे लागले.

या गाडीचे मागचे ब्रेक फारसे झिजत नाहीत, ते बसून बिघडतात. गाडीचे वजन जेमतेम एक टन. ब्रेक दाबला की वजन पुढे झुकते, थांबवण्याचे बहुतेक काम पुढची चाके करतात आणि मागच्यांच्या वाट्याला उरलेसुरले येते. त्यात ही गाडी रोज चालणारी नव्हे. उन्हाळ्यातल्या रविवारी बाहेर काढायची आणि हिवाळ्यात घरासमोर उभी ठेवायची, असा तिचा संसार. इथे हिवाळ्यात बर्फ धरू नये म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते खारे पाणी चाकाच्या आतल्या बाजूला उडते, ब्रेकच्या सरकत्या भागांवरच्या रबरी आवरणांच्या, म्हणजे बुटांच्या, घड्यांत जाऊन बसते, आणि जिथे दोन धातू एकमेकांवरून सरकायला हवेत तिथे गंजाचा थर उभा करते. एमएक्स-५ बाळगणाऱ्यांपैकी बहुतेकांना मागचा कॅलिपर जाम होण्याचा अनुभव केव्हा ना केव्हा येतोच. मला तो चौथ्या वर्षी आला.

ब्रेकशी माझी पहिली ओळख कोल्हापूरच्या उद्यमनगरातली. माझ्या मामाचे तिथे गॅरेज होते आणि शाळेच्या सुट्टीत मी तिथे पाने पुसण्याच्या कामावर असे. त्या काळी मामाकडे येणाऱ्या गाड्यांत कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या प्रीमियर पद्मिनी पुष्कळ असत, आणि पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम होते. ड्रम उतरवायचा, आतली काळी धूळ फुंकर मारून उडवायची, ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे लायनर झिजले असतील तर बदलायचे, ड्रम पुन्हा चढवायचा आणि लायनर व ड्रम यांतले अंतर हाताच्या अंदाजाने असे जुळवायचे की चाक फिरताना बारीकसा खस्स आवाज यावा पण अडखळू नये. त्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे आणि ती फुंकर किती महागात पडू शकते हे तेव्हा त्या गल्लीत कोणाच्या गावीही नव्हते. मामा आज ७८ वर्षांचा आहे आणि ठणठणीत आहे. पण तो आठवला की मी आजही ब्रेकची धूळ ओल्या फडक्यानेच पुसतो.

सांगायचे ते असे, की माझ्या हातांना ड्रम ठाऊक होता. पुढच्या चाकांचे डिस्क ब्रेकही मी स्वतः बदलले होते आणि त्यात काही अवघड वाटले नव्हते. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी. तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे दोन पॅड. आणि त्या चिमटीला बळ देणारा, कॅलिपरच्या पोटात बसलेला पिस्टन. पॅड झिजत जातात तसा पिस्टन बाहेर येतो. नवे, जाड पॅड बसवायचे तर त्याला आत ढकलून जागा करावी लागते. पुढच्या कॅलिपरमध्ये हे काम सुताराच्या जी-क्लॅम्पने होते. क्लॅम्पचा दांडा फिरवत गेले की पिस्टन लोण्यात बोट जावे तसा आत जातो, आणि त्याने मागे सारलेले ब्रेक ऑईल वर बॉनेटखालच्या डबीत चढते.

त्याच आत्मविश्वासाने मी एका शनिवारी मागचे डावे चाक खोलले. मागच्या ब्रेकचे काम करताना हँडब्रेक सोडूनच ठेवावा लागतो, म्हणजे गाडीला जागच्या जागी धरून ठेवणारी वस्तू नेमकी तेव्हाच उपयोगाची नसते. म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावले आणि मागची बाजू जॅकने उचलून घोड्यांवर, म्हणजे लोखंडी तिवयांवर, टेकवली. कॅलिपर उतरवून तो ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबू नये म्हणून कपड्यांच्या हँगरच्या तारेने वर बांधला. आतला पॅड पत्र्याला टेकायच्या बेतात होता आणि बाहेरचा जवळजवळ नव्यासारखा होता, म्हणजे कॅलिपर ज्या पिनांवर डावीउजवीकडे सरकतो त्या पिना जाम झालेल्या होत्या. इथवर सगळे समजण्यासारखे होते. मग पिस्टनवर क्लॅम्प लावला आणि दांडा फिरवला. पिस्टन हलला नाही. आणखी जोर लावला, आणि क्लॅम्पचा कणा किंचित वाकलेला दिसला, तरी पिस्टन जिथल्या तिथे.

इथे थांबायला हवे होते. पण एका मित्राच्या गाडीचे मागचे ब्रेक मी पाहिले होते. तिच्या पिस्टनच्या तोंडावर खाचा होत्या आणि त्या खाचांत हत्यार घालून पिस्टन गोल फिरवत आत न्यायचा होता. अर्धवट ज्ञान हे अज्ञानापेक्षा खर्चिक असते, याची पावती माझ्या फाइलमध्ये जपून ठेवलेली आहे. मी लांब नाकाची पक्कड घेतली आणि पिस्टन फिरवायचा प्रयत्न केला. तो फिरला नाही. पक्कड मात्र निसटली आणि पिस्टनभोवतीच्या रबरी बुटात बोटभर लांबीची चीर पाडून गेली.

त्या संध्याकाळी मामाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन गाडीखाली धरून त्याला सगळे दाखवले. त्याने आधी विचारले, "मागं ड्रम न्हाई व्हय रे?" नाही, म्हटले. मग बराच वेळ तो नुसता बघत राहिला. हँडब्रेकची तार कुठे येते ते दाखव म्हणाला. मी कॅलिपरच्या पाठीवरचा छोटा आर्म आणि त्यात अडकवलेली तार दाखवली. तेव्हा तो म्हणाला, "मग लेका, आत आटा असणार. ढकलून आटा कधी मागं गेलाय का? व्हाइस कसा उघडतोस?"

कधीही न पाहिलेल्या गाडीचा कॅलिपर साडेचार हजार मैलांवरून, फोनच्या पडद्यावर बघून त्या माणसाने ओळखला होता. रात्री गाडीची कार्यपुस्तिका उघडली आणि त्यात तेच निघाले.

पुढच्या पिस्टनचा मालक एकच, पायाखालचे पेडल. मागच्या पिस्टनला दोघांची चाकरी करावी लागते. पेडल दाबले की तेलाचा दाब त्याला पुढे लोटतो, आणि हँडब्रेक ओढला की त्याच पिस्टनला तारेचे ऐकावे लागते. त्यासाठी पिस्टनच्या पोकळ पोटात आटे पाडलेला एक दांडा बसवलेला असतो. तार ओढली की आर्म फिरतो, आर्म दांड्याला रेटतो आणि दांडा पिस्टनला पॅडवर दाबतो. पण पॅड झिजले की दांडा आणि पिस्टन यांत फट पडणार, आणि मग हँडब्रेक दिवसेंदिवस वर येत जाणार. म्हणून अशी योजना केलेली असते की पिस्टन झिजेइतका पुढे सरकला की दांडा आपल्या आट्यांवर थोडा फिरतो आणि ती फट भरून काढतो. पुढे जाताना फिरायची मुभा आहे. मागे मात्र नाही. मला जो हट्टीपणा वाटला होता तो खरे तर या रचनेचा प्राण होता. पॅडकडून आलेल्या दाबाने दांडा उलटा फिरून आत गेला असता, तर चढावर हँडब्रेक ओढून गाडी उभी केल्यावर तोच दाब त्याला आत घेऊन गेला असता आणि गाडी मागे घसरली असती. मी क्लॅम्पने जे करू पाहत होतो, ते होऊ नये म्हणूनच तो दांडा तिथे बसवलेला होता.

मग त्याला मागे आणायचे कसे? बनवणाऱ्यांनी त्यासाठी मागच्या बाजूने एक वाट ठेवलेली आहे. कॅलिपरच्या पाठीवर एक बोल्ट असतो, जो पाहिल्यावर कोणालाही तो कशाला तरी धरून ठेवणारा बोल्ट वाटेल. तो कशालाच धरत नाही. तो नुसता झाकण आहे. तो काढताना माझा हात थोडा थरथरलाच, कारण जवळच तेलाच्या नळीचा बोल्ट आहे आणि चुकून तो सुटला तर तेल जमिनीवर यायचे. पण झाकणाच्या बोल्टामागे तेलाचा एक थेंबही येत नाही, कारण ती जागा सीलच्या अलीकडची, यंत्रणेच्या कोरड्या बाजूची आहे. त्या भोकात खोलवर टॉर्च मारला तर चार मिलिमीटरच्या ॲलन कीसाठी केलेला षटकोनी खळगा दिसतो. ती की घालून घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवली की दांडा आत येतो आणि पिस्टनला आपल्याबरोबर ओढून घेतो. वाट म्हणायची ती एवढीच.

माझ्या कॅलिपरमधला खळगा मात्र दिसतच नव्हता. तिथे गंज आणि वाळलेले ग्रीस यांचा घट्ट लगदा होता. अशा वेळी की तशीच ठोकून बसवणे ही सर्वांत मोठी चूक, कारण की अर्धीच बसते, जोर दिला की कोपरे घासून खळगा गोल होतो, आणि मग कॅलिपर भंगारात टाकण्यावाचून गत्यंतर उरत नाही. आमच्या आजीकडे स्टोव्हच्या नोझलमधली काजळी काढायची पत्र्याच्या दांडीची पिन असे. तिची फार आठवण झाली. पिन नव्हती म्हणून गोधडी शिवायच्या दाभणाने मी अर्धा तास तो लगदा उकरत होतो, एकीकडे गंज सोडवणारे तेल थेंब थेंब सोडत होतो. रात्रभर ते तसेच मुरू दिले. सकाळी की पूर्ण खोलीपर्यंत बसली. पहिला पाव फेरा कुरकुरत गेला, दुसरा थोडा सैल, आणि मग बोटांना तो प्रतिसाद जाणवू लागला जो फक्त मोकळ्या आट्यातून येतो. समोर गेलो तेव्हा आदल्या दिवशी क्लॅम्पला न बधलेला पिस्टन दोन मिलिमीटर आत गेलेला होता.

पण बूट फाटलेला होता, त्यामुळे पिस्टन आत जाऊनही काम भागणार नव्हते. त्या चिरेतून पुढच्याच हिवाळ्यात मीठ शिरले असते. दुरुस्तीचा संच मागवला आणि तो येईपर्यंत गाडी घोड्यांवर उभी राहिली. त्या आठवड्यात ऑफिसला जाता-येता माझ्या मनात सारखे हे येत होते की ज्या शहरात मी हे उद्योग करत होतो त्याच शहराचा डिस्क ब्रेकशी किती जुना संबंध आहे. डिस्क ब्रेकची कल्पना शेजारच्या बर्मिंगहॅममध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली पेटंट करून ठेवली होती, पण तिला मोटारीत खरे रूप आले ते पाच दशकांनी. डनलपने विमानांसाठी विकसित केलेले डिस्क कॉव्हेंट्रीच्या जॅग्वारने आपल्या सी-टाइप या शर्यतीच्या गाडीला बसवले. १९५२ मध्ये स्टर्लिंग मॉस यांनी रीम्सची शर्यत त्या गाडीने जिंकली, आणि १९५३ मध्ये टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी ल माँची २४ तासांची शर्यत. बाकीचे ड्रमवाले वळणाआधी ज्या अंतरावर ब्रेक धरत, त्याच्या बरेच पुढे जाऊन जॅग्वारवाले ब्रेक धरत, आणि तरीही वळण घेत.

शर्यतीच्या गाडीला मात्र चढावर उभे राहायचे नसते. घरगुती गाड्यांना मागे डिस्क आले तेव्हा हँडब्रेकचा प्रश्न उभा राहिला. ड्रमचा लायनर फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच अधिक घट्ट चिकटू पाहतो, त्यामुळे तारेच्या थोड्या ओढीतही पकड येते; सपाट डिस्क अशी मदत करत नाही. जॅग्वारने आपल्या ई-टाइप या गाडीला हँडब्रेकसाठी वेगळा छोटा कॅलिपर दिला. पोर्शेने डिस्कच्या मधल्या, टोपीसारख्या पोकळ भागात एक लहानसा ड्रम लपवला, आणि मामाला विचाराल तर शहाणपणाचा मार्ग तोच. माझदाच्या अभियंत्यांना १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात मांडलेल्या या गाडीचे वजन आणि किंमत दोन्ही कमी ठेवायची होती, म्हणून त्यांनी एकाच पिस्टनवर दोन्ही कामे सोपवली. पहिल्या १.६ लिटर गाडीला मागे २३१ मिलिमीटरची डिस्क होती, आणि माझ्यासारख्या १.८ लिटरच्या गाडीला २५१ मिलिमीटरची. तबकडी वाढली तरी झाकणाचा बोल्ट आणि त्यामागचा खळगा तसाच राहिला.

संच आला. ॲलन की आता सुलट फिरवत नेली तसा पिस्टन हळूहळू बाहेर आला आणि शेवटी दांड्यावरून सुटून हातात पडला. कॅलिपरच्या आतल्या खाचेत चौकोनी काटछेदाची एक रबरी कडी असते. या साऱ्या यंत्रणेत मला सर्वांत आवडलेली वस्तू ती. ती फक्त तेल अडवते असे मी इतकी वर्षे समजत होतो. प्रत्यक्षात ब्रेक दाबला की पिस्टन पुढे जाताना ही कडी त्याला न सोडता स्वतःच किंचित तिरपी होते, आणि दाब गेला की पूर्ववत सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेते. पॅड डिस्कवरून सुटतो तो मुख्यतः या रबराच्या आठवणीमुळे. माझी कडी तीस वर्षांनी कडक झाली होती आणि तिच्यात परत येण्याइतकी लवचीकता उरली नव्हती. आर्मही गंजाने आपल्या टोकापर्यंत परतत नव्हता, म्हणून पॅड घासत राहून चाक तापत होते. आणि आर्म आधीच अर्धा ओढलेला असल्याने हँडब्रेकला ओढायला अंतरच उरत नव्हते. धरता येत नाही आणि सोडवतही नाही, याचा उलगडा अखेर असा झाला.

नवी कडी आणि नवा बूट मी त्यासाठी मिळणारे तांबडे रबर ग्रीस लावून बसवले. साधे खनिज तेलाचे ग्रीस लागले तर हे रबर फुगते, हे इथे जाता जाता सांगून ठेवतो, कारण घरात जे ग्रीस असेल ते लावायचा मोह प्रत्येकाला होतो. सरकत्या पिना घासून चकचकीत केल्या, नवे पॅड घातले, आणि मग पुन्हा तीच की. या वेळी पॅड डिस्कला दोन्हीकडून टेकून चाक फिरेनासे होईपर्यंत सुलट फिरवायची, आणि तिथून एकतृतीयांश फेरा मागे. या एकतृतीयांशात मला उद्यमनगर भेटले. डिस्क हाताने फिरवली तेव्हा तोच खस्स आवाज आला, अडखळल्याशिवायचा.

तेलात गेलेली हवा काढायला दोन माणसे लागतात. पत्नीला ड्रायव्हरच्या जागी बसवले. मी खालून म्हणायचे "दाब", तिने पेडल दाबून "दाबलंय" म्हणायचे, मी कॅलिपरवरचे हवा काढायचे तोंड, म्हणजे निपल, उघडून बुडबुडे जाऊ द्यायचे आणि बंद करून "सोड" म्हणायचे. विसाव्या खेपेला तिने "तू खाली झोपला तर नाहीस ना?" असे विचारले. नळीतून जुने, चहाच्या रंगाचे तेल येत होते तोवर मी थांबलो नाही. हे तेल हवेतली ओल पीत असते. डॉट ४ दर्जाच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू २३० अंशांहून खाली नसतो, ओल धरलेल्या तेलाचा १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो, आणि माझे तेल किती वर्षांचे होते ते ज्याने मला गाडी विकली त्यालाच ठाऊक. शेवटी गाडीतल्या हँडब्रेकजवळचा नट फिरवून तार जुळवली. हे शेवटीच करायचे असते. हँडब्रेक सैल लागतो म्हणून आधीच तार आवळली, तर आर्म पुन्हा टोकापर्यंत परतत नाही आणि सगळा खेळ पहिल्यापासून सुरू होतो. माझ्या आधी कोणी तरी नेमके हेच केलेले असावे, कारण तो नट जवळजवळ शेवटच्या आट्यापर्यंत आवळलेला सापडला. पत्नीने हँडब्रेक ओढत टिचक्या मोजल्या. पाच ते सात असाव्यात, सहा भरल्या.

उजव्या बाजूचे काम दुसऱ्या दिवशी दीड तासात झाले. तिथे मी सर्वांत आधी झाकणाचा बोल्टच काढला.

फेरपरीक्षेत रोलरवरचे दोन्ही आकडे शेजारी शेजारी उभे राहिले आणि परीक्षकाने काही न बोलता कागद छापला. रात्री मामाला तो कागद दाखवला. त्याने सगळे नीट ऐकून घेतले, जुन्या कडीचे फोटो पुन्हा पुन्हा मोठे करून पाहिले, आणि मग हिवाळ्यात गाडी कशी उभी करणार म्हणून विचारले. मी सांगितले की ओढून ठेवलेल्या हँडब्रेकने पॅड गंजून डिस्कला चिकटतात, म्हणून हिवाळाभर हँडब्रेक सोडून, गिअरमध्ये टाकून, चाकाखाली वीट लावून ठेवतो. पलीकडून बराच वेळ हसण्याचा आवाज आला. "म्हंजे एवढं सगळं उघडून झाकलंस," मामा म्हणाला, "आणि शेवटी आंबा घाटातल्या ट्रकवाल्यागत दगडच लावलास व्हय?"